बाराशे फोटोंचे बारसे

२०२४च्या श्रावणातल्या एका शनिवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एकाच वेळी एक हजार दोनशे चौदा बारशी झाली. पाळणा नव्हता, घुगऱ्या नव्हत्या, ‘कुर्र’ करून पाठीत धपाटे घालणाऱ्या बायकाही नव्हत्या. नाव ठेवण्याचा मान आत्याचा. ती तेवढी हजर होती, म्हणजे मी. संगणकाच्या काळ्या पडद्यावर मी एक ओळ टंकली, एंटरची कळ दाबली आणि पापणी लवायच्या आत बाराशे चौदा फोटोंची जुनी नावे जाऊन नवी नावे आली. त्याच क्षणी त्यांतले अडतीस फोटो नाहीसेही झाले. हे मला कळायला मात्र आणखी वीस मिनिटे लागली.

फाइलींची नावे बदलणे हा काही रविवारी सकाळी चहाबरोबर वाचायचा विषय नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण आज घरोघरी, प्रत्येकाच्या फोनमध्ये, अर्थ न लागणाऱ्या नावांचे हजारो फोटो पडलेले आहेत. कधी तरी कुणाला तरी त्यांची नावे ठेवावी लागणारच. आमच्या घरी ती पाळी जरा लवकर आली, इतकेच.

वडील २०२१मध्ये गेले. त्यांच्या मागे एक पत्र्याची ट्रंक राहिली. तिच्यात सहा अल्बम होते, जुन्या पद्धतीचे. जाड काळी पाने, फोटोंना चारही बाजूंनी चिकटवलेले तिकोनी कागदी कोपरे आणि दोन पानांच्या मध्ये चुरचुरणारा पातळ कागद. आम्ही भावंडे तीन, अल्बम सहा. वाटणी सोपी होती, पण सगळ्यांना सगळेच हवे होते. म्हणून ठरले, की आधी सगळ्यांची छायाचित्रे काढून संगणकात ठेवायची आणि मग अल्बम वाटून घ्यायचे. आईच्या माहेरून, वाईहून, मामेभावाने एका पाकिटात सुटे फोटो पाठवले होते. तेही त्यातच घेतले. जुनी पाने स्कॅनरवर दाबली तर तुकडे होतील, म्हणून दुकानदाराने स्टँडला कॅमेरा लावून फोटोंचे फोटो काढले. तीन दिवस काम चालले. रोज नवे कार्ड, रोज एकपासून गिनती. शेवटी त्याने पेनड्राइव्हवर ‘एक’, ‘दोन’, ‘तीन’ असे तीन फोल्डर दिले. पहिल्यात ४६२ फोटो, दुसऱ्यात ४११, तिसऱ्यात ३४१. प्रत्येकाचे नाव ‘आयएमजी’, एक आडवी रेघ आणि चार आकडे.

ही नावे अशी का असतात, याला एक छोटासा इतिहास आहे. डिजिटल कॅमेरे नवे होते तेव्हा, १९९८मध्ये, जपानी उद्योगाने एक सामाईक नियम ठरवला. त्याला डीसीएफ म्हणतात. फोटोच्या नावात आठच खुणा असाव्यात. पहिल्या चार कंपनीच्या मर्जीच्या, पुढचे चार आकडे. ९९९९ झाले की पुन्हा ०००१. म्हणून एकाच घरात दोन कॅमेरे असले, किंवा एकच कॅमेरा बरीच वर्षे वापरला, तर एकाच नावाचे अनेक फोटो सापडतात. आठच खुणा का, तर त्याआधीच्या संगणकांना तेवढ्याच चालत. १९७०च्या दशकात गॅरी किल्डॉल यांनी तयार केलेल्या सीपीएम या प्रणालीत फाइलीला आठ अक्षरांचे नाव आणि तीन अक्षरांचे शेपूट असे. १९८१च्या एमएस-डॉसने तोच शिरस्ता उचलला. १९९५च्या विंडोजने लांब नावांना मोकळीक दिली, तरी कॅमेरे आपले आठावरच राहिले.

डॉसशी माझी ओळख नोकरीतली. आमच्या बँकेच्या शाखेत १९९१मध्ये संगणक आला, तेव्हा त्याच्याजवळ बसायला कुणी तयार होईना. मी बसले, कारण ती खोली एकटीच वातानुकूलित होती. तिथे मी ‘रेन’ शिकले. रेन म्हणजे रीनेम. आधी जुने नाव, मग नवे नाव. (सीपीएममध्ये हे उलटे होते. नवे नाव आधी, मग बरोबरचे चिन्ह, मग जुने.) महिनाअखेरीला मी ‘रेन *.डीबीएफ *.ओएलडी’ एवढे टंकून बसल्या जागी साऱ्या खात्यांच्या फाइली ‘जुन्या’ करून टाकत असे. त्या तारांकनाचा अर्थ ‘जे काही असेल ते’. एक-एक नाव न घेता सगळ्यांना एकदम हाक मारायची. साहेबसुद्धा मागे उभे राहून बघत. मला वाटते, त्या नोकरीत सत्ता म्हणून जे काही मी अनुभवले ते एवढेच.

म्हणून २०२३मध्ये निवृत्त झाल्यावर या बाराशे फोटोंचे काम आपसूक माझ्याकडे आले. हाताने करायचे म्हटले, तर प्रत्येक फोटोवर जायचे, नाव बदलायची कळ दाबायची, नवे नाव टंकायचे. एकेकाला अर्धा मिनिट धरला तरी दहा तास. आणि दोनशेव्या फोटोनंतर माणूस काय टंकतो याचा भरवसा नाही. मी खुशीत होते. तारांकन माझ्या ओळखीचे होते.

पण माझा लॅपटॉप आता डॉसचा नव्हता. विंडोज फार मंद झाली म्हणून धाकट्या भावाच्या मुलाने त्यावर लिनक्स घालून दिले होते. लिनक्स हे युनिक्सच्या वळणाचे. युनिक्स १९६९पासून अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवले. तिथे रेन नाही. तिथे आहे ‘एमव्ही’, म्हणजे मूव्ह. एका घरातून दुसऱ्या घरात हलवणे आणि नाव बदलणे, दोन्हीला आज्ञा एकच. हे वाचले तेव्हा मी मनाशी म्हटले, की हे युनिक्सवाले आपल्याकडचे दिसतात. आपल्याकडेही मुलगी सासरी जाते आणि नाव बदलते ते एकाच दिवशी.

मी माझी १९९१ची ओळ थोड्या फरकाने टंकली आणि यंत्राने तक्रार केली. भाच्याला फोन लावला.

“आत्या, तुझं तारांकन इथे कामाला पोचतच नाही,” तो म्हणाला. “दारातच उघडलं जातं.”

नंतर त्याने समजावले ते असे. डॉसमध्ये तारांकन तसेच्या तसे आज्ञेच्या हाती पडते आणि अर्थ काय लावायचा ते आज्ञा ठरवते. युनिक्समध्ये दारावर एक शिपाई बसलेला आहे, त्याला शेल म्हणतात. तो तारांकन दिसले की फोल्डरमध्ये डोकावतो, जुळणारी सगळी नावे लिहून काढतो आणि ती यादी आत पाठवतो. बिचाऱ्या एमव्हीला चारशे जुनी नावे दिसतात, नवे नाव कुठेच दिसत नाही. त्याला तारांकन म्हणजे काय हे ठाऊकच नसते.

यावर उपाय बरेच आहेत. मी निवडला तो बँकेतल्या बाईला शोभणारा. एक यादी करायची. डाव्या रकान्यात जुने नाव, उजव्या रकान्यात नवे. प्रत्येक ओळीच्या आधी ‘एमव्ही’ जोडले की यादीचीच आज्ञा होते. ती साध्या मजकुराची फाइल म्हणून जतन करायची आणि यंत्राला म्हणायचे, वाच आणि कर. त्या फाइलीचे नाव मी ‘बारसे’ ठेवले. ती चालवण्याची आज्ञा, ‘एसएच बारसे’.

डावा रकाना यंत्रानेच भरून दिला. उजवा भरायला दोन महिने लागले, कारण तो आईच्या डोक्यात होता.

आई तेव्हा ब्याऐंशीची होती. रोज दुपारी चारला आम्ही बसायचो. मी पडद्यावर फोटो लावायचे, ती चष्मा वर-खाली करून सांगायची. नावांची पद्धत मी ठरवली होती. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, मग माणसे. तारीख आपण लिहितो तशी दिवसापासून लिहिली, तर यंत्र सगळ्या वर्षांचे एक तारखेचे फोटो एकत्र लावते. वर्षापासून लिहिली, की नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एक होतो. एकआकडी महिन्याआधी शून्य हवे, नाहीतर एकनंतर दहा, अकरा, बारा आणि मग दोन येतो. महिना ठाऊक नसेल तिथे दोन शून्ये. यंत्राकडून तारखेची मदत शून्य. फोटोच्या पोटात कॅमेरा तारीख लिहून ठेवतो खरी, पण आमच्या सगळ्या फोटोंच्या पोटात दुकानदाराने ते टिपले त्या दिवसाची तारीख होती.

कऱ्हाडच्या आमच्या वाड्याच्या भिंतीला तडा गेलेला एक फोटो आहे. मी अंदाजाने १९६८ लिहिले. आई म्हणाली, “कोयनेचा भूकंप ना गं तो? अकरा डिसेंबर, सदुसष्ट. पहाटे. तुला दुलईसकट उचलून अंगणात पळाले होते मी.” मी चार वर्षांची होते, मला काहीच आठवत नाही. फोटोचे नाव झाले १९६७-१२, कऱ्हाड, भिंत.

तिच्या लग्नाआधीचे फोटो आले तेव्हा गाडी अडली. अल्बममध्ये आठ होते, मामेभावाच्या पाकिटात तीन. पहिला निघाला तो १९५१चा. कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीच्या देवळासमोर, फ्रॉक घातलेली नऊ वर्षांची मुलगी. मी सवयीने टंकले, ‘१९५१-००-००-वाई-आई’.

“आई काय?” ती म्हणाली. “तेव्हा मी कुणाची आई नव्हते.”

मग मी तिचे नाव लिहिले. तेही तिने नापसंत केले, कारण ते सासरचे होते. माझ्या वडिलांनी १९६१मध्ये ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिले ते. तिची दोन्ही नावे मी इथे देत नाही. तिला ते आवडणार नाही. पण तेव्हा आम्ही अल्बमचे पान पुन्हा पाहिले, आणि घाटावरच्या त्या फ्रॉकवाल्या मुलीखाली वडिलांच्या वळणदार अक्षरात, पांढऱ्या शाईने लिहिलेले दिसले, ‘सौ.’ आणि पुढे सासरचे नाव. आठही फोटोंखाली तसेच. लग्नानंतर अल्बम लावताना त्यांनी एका बैठकीत सगळ्यांना एकच नाव देऊन टाकले असणार. आई हसता हसता थांबेना. “नऊ वर्षांची सौभाग्यवती!” असे म्हणून डोळे पुसत राहिली. मग म्हणाली, “माझं लिही. आधीचं.”

मी लिहिले. माझ्या स्वतःच्या लग्नाचा विषय मात्र त्या दिवशी काढायचे धैर्य झाले नाही. १९८८ साली बैठकीतच आईने व्याह्यांना सांगितले होते, की मुलीचे नाव बदलायचे नाही. ताटात तांदूळ आले, अंगठी आली, आणि माझ्या नवऱ्याने माझेच नाव लिहिले. इतर बाबतींत चार माणसांत कधी शब्द न बोलणाऱ्या आईने एवढे एकच का लावून धरले, हे मी तिला कधी विचारले नव्हते.

तर असा तो श्रावणातला शनिवार उजाडला. यादी पूर्ण झाली होती. भाच्याने बजावले होते, की आधी रंगीत तालीम घे. प्रत्येक आज्ञेआधी ‘एको’ लिहिले, की यंत्र ती करत नाही, नुसती वाचून दाखवते. मी तालीम घेतली. पडद्यावरून बाराशे चौदा ओळी धो-धो वाहून गेल्या. पहिल्या पन्नास वाचल्या, शेवटच्या पन्नास वाचल्या. सगळे बरोबर होते. आणि हेच सांगायला हवे, की सगळे खरोखरच बरोबर होते. प्रत्येक ओळ एकेकटी पाहिली तर तिच्यात चूक नव्हती.

चूक दोन ओळींच्या मध्ये होती. नावांच्या शेवटी अनुक्रमांक द्यायचा नाही, हे मी ठरवले होते, कारण मला ते कुरूप दिसत होते. साहजिकच एका गावच्या, एका वर्षाच्या, त्याच माणसांच्या दोन फोटोंना यादीत एकच नाव पडले. डॉस अशा वेळी अडून बसत असे. ‘या नावाची फाइल आहे’ असे म्हणून पुढे जायला नकार देत असे. एमव्ही अडत नाही. त्याला ‘-आय’ सांगितले तर तो विचारतो, ‘-एन’ सांगितले तर हात लावत नाही. काहीच सांगितले नाही, तर तुम्हाला हेच हवे आहे असे धरून चालतो. आधी त्या नावाने असलेली फाइल बाजूला होते आणि नवी तिच्या जागी बसते. बोंब नाही, घंटा नाही. मागे फिरायची सोयही नाही.

वीस मिनिटांनी सवयीने मी फाइली मोजल्या. आयुष्यभर संध्याकाळी टॅली केल्याशिवाय घरी गेले नव्हते. पडद्यावर आकडा आला ११७६. पुन्हा मोजले. ११७६. अडतीस कमी.

पेनड्राइव्ह? त्यावरून मी फोटो कापून घेतले होते, नकलून नव्हे. मग तो नातीच्या शाळेच्या प्रकल्पाला गेला होता. दुकानदार पंधरा दिवसांनी सगळे पुसत असे, तसे त्याने पावतीवर छापलेच होते. भाचा पुण्याहून आला, हरवलेल्या फाइली शोधणारे एक साधन त्याने रात्रभर चालवले. काही हाती लागले नाही. दोष कुणाचा हे शोधायची गरज नव्हती. मी चार दिवस आईला सांगितले नाही. ती रोज चार वाजता चष्मा घेऊन येऊन बसायची आणि मी काही तरी दुसरे काम काढायचे.

पाचव्या दिवशी यादी पुन्हा उघडली. भाच्याने एक साधा उपाय दाखवला. उजवा रकाना क्रमाने लावायचा आणि एकापेक्षा जास्त वेळा आलेली नावे तेवढी छापायची. ‘सॉर्ट’ आणि ‘युनिक’ अशा दोन आज्ञा एकीला एक जोडल्या, की क्षणात होते. (हे तालमीआधी केले असते तर हा लेख लिहावा लागला नसता.) दुबार नावे निघाली, त्यांच्यासमोर डावा रकाना होता, आणि कोणते अडतीस गेले ते क्रमांकांसह कळले.

इथे एक गोष्ट माझ्या लक्षात आली, तिने मी जरा ओशाळलेच. दोन महिने मी ज्या नावांना बिनअर्थाची म्हणून नाके मुरडत होते, त्या आयएमजी-अमुकतमुक नावांना एक गोष्ट ठाऊक होती, जी माझ्या सुंदर नावांना नव्हती. त्यांना अल्बममधली जागा ठाऊक होती. दुकानदाराने पान उलटत, डावीकडून उजवीकडे फोटो टिपले होते. पहिल्या फोल्डरातला २१७ गेला असेल, तर २१६ आणि २१८ शिल्लक होते. ते ज्या पानावर, त्याच पानावर त्यांच्या मध्ये हरवलेला असणार. मी ती यादी छापून घेतली, आईला सगळे सांगितले आणि दोघी भावांकडे गेलो. आई रागावली नाही. “अल्बम आहेत ना?” एवढेच म्हणाली. दोन रविवारांत एकतीस फोटो सापडले आणि पुन्हा टिपून झाले.

राहिले सात. ते मामेभावाच्या पाकिटातले सुटे फोटो होते. पाकीट परत गेले होते, मध्यंतरी त्याने वाईचे घर विकले होते आणि सामान तीन ठिकाणी गेले होते. चार फोटो नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर आले. व्हॉट्सॲप स्वतःची नावे ठेवते. आयएमजी, मग फोटो आला त्या दिवसाची तारीख, मग डब्ल्यूए आणि क्रमांक. त्यामुळे १९५८च्या मुंजीचा बटू ‘२०२४-०९’ असे नाव लावून दारात उभा. पोटातली तारीखही वाटेत पुसलेली. यादी होती म्हणून त्यांना आपापले नाव परत मिळाले.

तीन अजून मिळायचे आहेत.

त्यानंतर मी शहाणी झाले असे म्हणवत नाही, पण सावध झाले. यादी निम्मी मी लॅपटॉपवर टंकली होती, निम्मी भाच्याने फोनवर. ‘कऱ्हाड’ शोधले तर निम्मेच फोटो सापडत. काही ठिकाणी त्याने ‘कराड’ लिहिले होते, ते ठीक. पण जिथे दोघांनीही ‘कऱ्हाड’च लिहिले होते, तिथेही यंत्राला ते दोन वेगळे शब्द दिसत. हा अर्धा ‘ऱ’ मराठीचा खास. युनिकोडमध्ये तो एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा साधा र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना तंतोतंत एक, फाइलीच्या नावात दोन. शिवाय आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा असलेला हा शब्द यंत्राच्या लेखी सहा चिन्हांचा आणि अठरा बाइटचा. लिनक्समध्ये एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे, म्हणजे देवनागरीची पंच्याऐंशी चिन्हे, काना-मात्रा-वेलांटी धरून. मुंजीला आलेली सगळी मंडळी एका नावात बसवायला गेले, तर नाव फार लांब आहे म्हणून यंत्राने परत पाठवले.

हे सगळे ‘कऱ्हाड’ एका छापाचे करायला भाच्याने ‘रीनेम’ नावाची आज्ञा दाखवली. पर्ल ही संगणकाची भाषा घडवणारे लॅरी वॉल यांनीच ती मुळात लिहिलेली. तिला सांगायचे, नावात हे दिसेल तिथे ते घाल. यंत्र काना-मात्रेसह घालते, आणि तेवढेच घालते. मला उत्साह आला. दोन काकांचा घोटाळा होऊ नये म्हणून एका फोल्डरात ‘काका’च्या जागी ‘थोरले काका’ करायला गेले. या वेळी तालीम घेतली आणि ओळन् ओळ वाचली. आमच्याकडे येणारे म्हातारे डॉक्टर, ज्यांना सारे गाव काकासाहेब म्हणत असे, ते ‘थोरले काकासाहेब’ होऊ घातले होते. वेळीच थांबवले.

आता उरला प्रश्न आईच्या नावाचा. लग्नाआधीचे फोटो तिच्या माहेरच्या नावाने होते, नंतरचे ‘आई’ म्हणून. पण माझ्या आणि भावांच्या नातवंडांना ते माहेरचे नाव ठाऊकच नव्हते. ती शोधणार ‘पणजी’ म्हणून. घाटावरची मुलगी त्यांना सापडणार कशी?

युनिक्समध्ये यावर फार जुनी तोड आहे. तिथे फाइलीचे नाव फाइलीत नसतेच. फाइलीला असतो एक क्रमांक, आयनोड म्हणतात. नाव असते ते फोल्डरच्या वहीत, अमुक नाव म्हणजे तमुक क्रमांक अशा एका नोंदीत. नाव बदलले म्हणजे वहीतली नोंद बदलली. फोटोतला एक ठिपकाही हलत नाही. आणि एका क्रमांकासमोर दोन नोंदी करायला काहीच हरकत नसते. त्याला हार्ड लिंक म्हणतात, आज्ञा ‘एलएन’. ती नक्कल नव्हे, जागाही दुप्पट लागत नाही. दोन नावे, फोटो एकच. दोन्हींतले खरे कोणते आणि जोडलेले कोणते असा भेद यंत्रापाशी नाही. एक नाव पुसले तर दुसऱ्याने फोटो तसाच उघडतो. शेवटचे नाव पुसले, की मात्र फाइल गेली. माझे अडतीस फोटो असेच गेले. त्यांच्यावर कुणी काही रंगवले नव्हते. त्यांचे एकुलते एक नाव दुसऱ्याला दिले गेले, आणि ते बिननावाचे झाले.

हे मी आईला सांगितले, माझ्या परीने, शिपाई आणि वह्यांच्या भाषेत. तिने लक्षपूर्वक ऐकले.

“म्हणजे दोन्ही राहतात?”

“दोन्ही.”

“आणि कुणाला आधीचं ठाऊक नसलं तरी?”

“तरी राहतं. वहीत असतं.”

“मग आमच्या वेळी ही सोय का नव्हती म्हणते मी,” असे म्हणून ती उठून देवघरात गेली. त्या संध्याकाळी मी अकरा ओळी लिहिल्या. तालीम घेतली, दुबार नावे तपासली, आधी सगळ्याची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि मग आज्ञा दिली. दहांना दुसरे नाव मिळाले. अकरावी ओळ चुकली म्हणून यंत्राने कळवले, कारण तो फोटो नव्हताच. १९५९, वाई, माहेरचे नाव, सायकल. न मिळालेल्या तिघांतला एक. मामाची सायकल घेऊन ती सतराव्या वर्षी अंगणात उभी आहे, असे यादीत माझ्याच हातचे लिहिलेले आहे. फोटो मी दोन महिन्यांत दोन-तीनदा पाहिला असेन, पण तिने साडी नेसली होती की परकर-पोलके, हेसुद्धा मला आता सांगता येत नाही. यादीतून ती ओळ मी काढलेली नाही.

त्या दिवाळीत मामेभावाचा साताऱ्याहून फोन आला. माळा काढताना एक पाकीट सापडले होते. आत बरेच फोटो होते, एकमेकांना चिकटलेले. “सायकल काही दिसत नाही गं ताई,” तो म्हणाला. “एक मुलगी आहे कुणीतरी, पण निम्मा फोटो उडालाय. ओळखू येत नाही.”

आईने फोन माझ्या हातातून घेतला. “उलटा करून बघ,” ती म्हणाली. “दादा मागे नाव लिहायचा. माझं आधीचं नाव असेल.”

“थांब आत्या, हळूच सोडवून बघतो,” असा पलीकडून आवाज आला, आणि मग बराच वेळ फोनमधून नुसती कागदांची सळसळ ऐकू येत राहिली.